दोष काढला, तर अणूही गेले

पीएचडीच्या पहिल्या वर्षी दोन स्फटिकांच्या सीमेवर, म्हणजे इंटरफेसवर, मला एक जास्तीची काळी रेघ दिसली. नवा थर सापडला म्हणून मी खूश! मॅडमनी फोटो बघून एवढंच विचारलं, "फोकस बदलून बघितलास का?" फोकस जरा हलवला आणि थर गायब. रेघ सॅम्पलची नव्हतीच, लेन्सची होती.

या रेघेमागे मोठा इतिहास आहे. १९३६ साली ऑटो शेर्झर यांनी गणिताने दाखवलं की गोल, स्थिर क्षेत्राच्या इलेक्ट्रॉन-लेन्समधलं गोलीय विपथन टाळताच येत नाही. कडेचे इलेक्ट्रॉन मधल्यांपेक्षा आधी एकत्र येतात आणि बिंदूचा ठिपका होतो.

दुसरी अडचण कॉन्ट्रास्टची. पातळ सॅम्पलमधले अणू इलेक्ट्रॉनना फारसे अडवत नाहीत, फक्त त्यांच्या लाटेची फेज बदलतात. हौदातल्या स्वच्छ पाण्यावरचे तरंग आठवा. उजेडाच्या रेषा पृष्ठभागावर नाही, खाली तळाशी दिसतात. तसंच इथेही थोडं फोकसबाहेर जावं लागतं. किती जायचं, ते शेर्झर यांनी १९४९ मध्ये ठरवून दिलं. म्हणजे एका दोषाने दुसरा तोलायचा. पण यात अणूची माहिती शेजारी सांडते. स्फटिकाच्या आत ते खपून जातं, कारण शेजारीही तसाच अणू असतो. इंटरफेसवर मात्र एका बाजूच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूत घुसतात.

लेन्सची गोलाईच मोडायची, ही वाटही शेर्झर यांनीच १९४७ मध्ये सुचवली होती. ती हायडर, रोझ आणि उर्बान यांच्या गटाने १९९८ मध्ये सहा ध्रुवांच्या चुंबकीय लेन्स वापरून यशस्वी केली. २०० किलोव्होल्टच्या यंत्राची विभेदनक्षमता ०.२४ वरून सुमारे ०.१४ नॅनोमीटरवर आली. त्यांनी दाखवलेलं सॅम्पल होतं सिलिकॉन आणि कोबाल्ट डायसिलिसाइडचा इंटरफेस. सांडलेल्या पट्ट्या गेल्या, सीमा स्वच्छ दिसली.

मग दोष शून्यच ठेवावा ना? नाही! दोष शून्य आणि फोकस अचूक असेल, तर फेजचा कॉन्ट्रास्टही जातो. म्हणून २००३ मध्ये युलिखच्या गटाने विपथन मुद्दाम किंचित उणे ठेवलं, आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटमधले हलके ऑक्सिजनसुद्धा उजळ दिसले.

तेव्हा इंटरफेसवर काही नवं दिसलं, तर एका फोटोवर पेपर लिहायला बसू नका. फोकस बदलत फोटोंची मालिका घ्या. तुमचा थर त्या सगळ्या फोटोंचा हिशेब देऊ शकला, तरच तो सॅम्पलमधला म्हणा.