तळटीप १२ : कट, कॉपी, पेस्ट

१२. निवडलेला मजकूर जागेवरून उचलणे (कंट्रोल-एक्स), जागेवर ठेवून त्याची प्रत घेणे (कंट्रोल-सी) आणि हवा तिथे आणून ठेवणे (कंट्रोल-व्ही). मॅकवर कंट्रोलऐवजी कमांडची कळ. उचललेला मजकूर मधल्या काळात 'क्लिपबोर्ड' या तात्पुरत्या साठ्यात असतो. दुसरा उचलला की सहसा पहिला गेला.

'पालो आल्टोचे टेस्लर' म्हणजे लॅरी टेस्लर (१९४५–२०२०). कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासह १९७०च्या दशकाच्या मध्यास 'जिप्सी' हा लेखन-प्रोग्रॅम बनवला, तोही जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक-प्रकाशकांच्या संपादकांसाठी. कात्री आणि डिंक ही त्या काळी संपादकाच्या टेबलावरची खरीखुरी हत्यारे होती.

आधीच्या 'ब्राव्हो' या लेखन-प्रोग्रॅममध्ये आज्ञा देण्याची अवस्था वेगळी, टाइप करण्याची वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत चुकून 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाइप झाला, की ई-ने सगळा मजकूर निवडला जाई, डी-ने पुसला जाई, आय-ने नवे लेखन सुरू होई आणि पडद्यावर उरे एकटा 'टी'! अशा 'मोड'चा टेस्लर यांना इतका तिटकारा, की मोटारीची नंबरप्लेटही त्यांनी 'नोमोड्स' अशी घेतली.

१९८० मध्ये ते ॲपलमध्ये गेले. एक्स, सी, व्ही आणि केलेले रद्द करणारा झेड (अनडू) या खालच्या ओळीतल्या शेजारच्या कळा ॲपलच्या लिसा संगणकाने (१९८३) रूढ केल्या. विंडोजने त्या नंतर उचलल्या; तिथले जुने शिफ्ट-इन्सर्ट अजूनही बऱ्याच ठिकाणी पेस्ट करते. — संपा.