साथ करणारीचे नाव

लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की मळवली स्टेशन लागते. तेथून भाज्याची लेणी जवळ आहेत. लेणी २२, त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तेथील एका विहारात दोन स्त्रिया कोरल्या आहेत. एक नाचते आहे, दुसरी जोडीची चर्मवाद्ये वाजविते आहे. हा तबलाच, असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. आजचा तबला अठराव्या शतकात घडला, असे संशोधकांचे म्हणणे. मला या वादापेक्षा एक साधी गोष्ट मोलाची वाटते: शिल्पकाराने नाचणारीबरोबर साथ करणारीलाही जागा दिली.

ती काय वाजवीत होती, हे मात्र दगड सांगत नाही. तिचे नावही नाही. जवळच्या कार्ल्याला देणगी देणाऱ्यांची नावे खांबांवर कोरली आहेत, दार घडविणाऱ्या सुताराचेही नाव आहे.

दगड मुका, हे खरे. पण जेथे संगीत कागदावर उतरले, तेथे तरी साथ टिकली काय? १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षी रोममध्ये आर्कांजेलो कोरेल्ली या वादकाने व्हायोलिनच्या १२ सोनाटा छापल्या. त्यांत व्हायोलिनच्या ओळीखाली खर्जाची एकच ओळ असते आणि तिच्यावर आकडे. खर्जात ‘ग’ असून त्यावर ६ लिहिला असेल, तर ‘ग’पासून तिसरा ‘प’ आणि सहावा वरचा ‘सा’ मिळवावयाचा. ते स्वर एकदम लावावेत की एकामागून एक, भरगच्च की विरळ, हे हार्पसिकॉर्ड नावाच्या तारवाद्याच्या पट्ट्यांवर बोटे ठेवून बसलेल्याने ऐन वेळी ठरवावयाचे. या साथीला ते लोक कंटिन्युओ म्हणतात. आपल्या कीर्तनातला पेटीवाला बुवांचा सूर धरून जे करतो, त्याच्याशी हिचे नाते लागते.

पुढे १७१० च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या एका प्रकाशकाने याच सोनाटा पुन्हा छापल्या. पहिल्या सहांच्या संथ भागांत, कोरेल्ली स्वतः घेत असे म्हणून सांगितलेल्या हरकतीही त्याने स्वरलिपीत उतरविल्या. साथीदाराच्या वाट्याला मात्र पूर्वीचेच आकडे!

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चाल मागे पडत गेली. विसाव्या शतकात लोकांना ती पुन्हा हवीशी झाली, तेव्हा जुने ग्रंथ उघडून आकड्यांची भाषा नव्याने शिकावी लागली. छापखाने असलेल्या मुलखाची ही कथा!

साथ ही हातातून हातात जाणारी विद्या आहे. मधला एक हात सुटला की ती तुटते. म्हणून मला वाटते, यंदा गावाला गेल्यावर देवळातल्या पेटीवाल्यापाशी, मृदंगवाल्यापाशी घटकाभर बसावे. त्यांचे वाजविणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, आणि त्यावर त्यांचे नाव न विसरता लिहावे. भाज्याच्या त्या बाईसाठी आता आपल्याला एवढेच करता येण्यासारखे आहे.