महेशचंद्रांचा हरलेला डाव

बुद्धिबळातल्या बचावांची नावे बहुतेक युरोपातली. सिसिलियन, फ्रेंच, डच. पण पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि काळ्याने उत्तरादाखल राजाच्या बाजूचा घोडा काढला, की त्या साऱ्या कुळाला जगभर 'इंडियन' म्हणतात. या नावाचा माग काढत गेलो, की आपण पोहोचतो एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात.

तिथे जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर राहत. पेशा वकिलीचा, बुद्धिबळ हौसेचे. पण हौस अशी, की लंडनच्या नामवंतांशी ते बरोबरीने खेळलेले. त्यांच्या क्लबातल्या एका सभासदाला १८४८ च्या सुमारास आडगावात महेशचंद्र बॅनर्जी भेटले. महेशचंद्र देशी पद्धतीने खेळत आलेले. देशी खेळात प्यादे एका वेळी एकच घर चाले. त्यामुळे मध्यावर झडप घालण्यापेक्षा कडेने बळ जमवण्याची सवय अंगी मुरलेली. युरोपीय नियम त्यांनी शिकून घेतले. सवय मात्र सोडली नाही. पुढे या दोघांत शेकडो डाव झाले.

त्यांतला मे १८५५ चा एक डाव मला फार मोलाचा वाटतो. कॉक्रेन यांनी वजिराचे प्यादे पुढे टाकले. महेशचंद्रांनी घोडा काढला, मग त्या बाजूचे घोड्याचे प्यादे एक घर सरकवून उंटासाठी लांब कर्ण मोकळा केला आणि तिसऱ्या खेळीला वजिराचे प्यादे थेट मध्यावर भिडवले. पांढऱ्याला मध्य व्यापू द्यायचा आणि मग तोच पोखरायचा, हा त्यातला विचार. त्या काळी युरोपात मध्य प्याद्यांनी धरून ठेवणे हाच धर्म होता.

डाव महेशचंद्र हरले. कॉक्रेन यांचा घोडा अठराव्या खेळीला काळ्या राजाच्या दाराशी घुसला आणि पुढच्या तीन खेळ्यांत मात अटळ झाली. आपल्याच सोंगट्यांत राजा कोंडला जाणार होता.

सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी वापरून अलेखाइनला हरवले. तेव्हापासून तिला 'ग्रुनफेल्ड' म्हणतात. १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हनेही तीच वापरली.

बुद्धिबळाचा इतिहास विजेत्यांची नावे जपतो. महेशचंद्रांचे नाव त्या बचावाला लाभले नाही. तरी 'इंडियन' या एका शब्दात त्यांच्या गावाकडच्या खेळाची आठवण टिकून आहे. पुढच्या वेळी पटावर तो घोडा बाहेर काढताना ती जरूर ठेवावी.