किल्ली बापाच्या उशाखाली

श्रोतेहो, आईबापांचा मान कुठवर राखावा? रब्बी एलिएझर या यहुदी पंडितांना कोणी हेच विचारले, तेव्हा त्यांनी अश्कलोनच्या दामा बेन नेतीनाची गोष्ट सांगितली. महापुरोहिताच्या वस्त्रासाठी पंडितांना त्याच्याकडची रत्ने हवी होती. नफा 6 लाखांचा; कोणी 8 लाखांचा म्हणतात. पण किल्ली निजलेल्या बापाच्या उशाखाली! दामाने बापाची झोपमोड केली नाही; सौदा गेला.

आता पाहा, हा दामा यहुदी नव्हता. तरी इ. स. 500 च्या सुमारास सिद्ध झालेल्या बाबिलोनी तालमूदात, यहुद्यांच्याच धर्मग्रंथात, तो आदर्श ठरला. मान म्हणजे काय, तेही तिथे सांगितले आहे: आईबापांना खाऊपिऊ घालावे, नेसवावे, पांघरूण घालावे, त्यांची आतबाहेर ने-आण करावी. थकल्या शरीराला लागते ते एवढेच.