ज्ञानेश्वरीतील श्रोतृसंवाद

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत गीतेच्या ७०० श्लोकांचे विवरण सुमारे ९००० ओव्यांत झाले आहे. या विस्तारात गीतार्थाखेरीज आणखी एक विषय सतत वावरतो. तो म्हणजे ग्रंथ आकारास येण्याची क्रिया. वक्ता पाल्हाळाबद्दल क्षमा याचतो, गुरुस्तवनात रंगतो, आणि चौदाव्या अध्यायात निवृत्तिनाथ त्यास आवरून निरूपणाकडे वळवितात.

ही स्थळे प्रत्यक्ष कथनप्रसंगाची जशीच्या तशी नोंद होत, असे मानण्याचा मोह इतिहासाभ्यासकास सहज होतो. ग्रंथान्ती सच्चिदानंदबाबा लेखक झाल्याचा उल्लेख असल्याने तो अधिकच बळावतो. परंतु श्रोत्यांचे बोलणेही येथे सयमक ओवीतच येते, ही साधी गोष्ट विसरली जाते. सभेत कोणी यमक साधून हरकत घेत नाही.

नववा अध्याय या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्याच्या आरंभी वक्ता श्रोत्यांजवळ केवळ अवधान मागतो, आणि लगेच ही प्रौढी नव्हे, विनवणी आहे, असे सांगून संकोचतो. अध्यायाच्या शेवटी संजय भावावेगाने सद्गदित झालेला दिसतो. धृतराष्ट्र मात्र पुराच्या पाण्यात बसून राहिलेल्या रेड्यासारखा ढिम्म आहे. गीतेचा नववा अध्याय श्रीकृष्णाच्या वचनानेच संपतो. तेथे संजयही नाही आणि धृतराष्ट्रही नाही. हा प्रसंग सर्वस्वी ज्ञानेश्वरांचा. अवधानाच्या याचनेने उघडलेला अध्याय अवधानशून्य श्रोत्यापाशी आणून सोडणे हा योगायोग म्हणवत नाही. प्रसंगी सभा खरोखर भरली असेलही. पण ग्रंथातील सभा ही रचलेली सभा आहे. कथनाची घटना येथे गीतार्थाइतकीच काव्याची सामग्री झाली आहे, आणि ती केवळ विनयाचा अलंकार म्हणून बाजूस सारता येत नाही.

पुराव्याचा प्रश्न मात्र याने अधिक बिकट होतो. अशा स्थळी मूळ श्लोकाचा धाक नसल्याने प्रक्षेपास वाव राहतो. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पाठशुद्धी करताना एकनाथांनी या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले होते. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता. श्रोतृसंवादाच्या ओव्या साधार वापरावयाच्या तर हे दोन पाठ शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.