खंड्याची समाधि, वाघ्याचा पुतळा आणि शिंक्याखालचें मांजर

१. घरीं कुत्रा पाळावा कीं मांजर, हा वाद जुना आहे व तो निकालांत निघण्यासारखा नाहीं. त्या वादांत पडण्याचा आमचा हेतु नाहीं. या दोन जनावरांच्या आठवणी मराठी मुलुखांत कोणत्या रूपानें उरल्या, एकाची आठवण दगडावर कां कोरली गेली व दुसऱ्याची कां गेली नाहीं, आणि त्या दगडावरून इतिहास वाचतांना कोठें सावध राहिलें पाहिजे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. परंतु रायगडावरील एका कुत्र्याच्या पुतळ्यावरून इ. स. २०११ व पुनः इ. स. २०२५ मध्यें महाराष्ट्रांत जें वादळ उठलें तें ज्यांनीं पाहिलें, ते तरी या विषयास क्षुल्लक म्हणणार नाहींत.

२. प्रथम शास्त्रकारांकडे वळूं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढणारी सरमा ही इंद्राची कुत्री आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर मागें येणाऱ्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत शिरण्याचें नाकारतो, व तो कुत्रा साक्षात् धर्म होता असें शेवटीं उघड होतें. उलट मनुस्मृतींत ढोंगी मनुष्यास मांजराची उपमा दिली असून अशाच्या वृत्तीस बैडालव्रत हेंच नांव दिलें आहे. इतक्यावरून कुत्र्यास मान व मांजरास अपमान असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अपुरा होय. कारण त्याच धर्मशास्त्रानें कुत्र्यास अपवित्र ठरवून त्याच्या स्पर्शासही दोष मानिला, आणि मांजर मारणाऱ्यास व कुत्रा मारणाऱ्यास एकाच यादींत बसवून प्रायश्चित्तही एकच सांगितलें.

३. हा विरोध आमच्या घरांच्या रचनेंत जसाच्या तसा उतरलेला दिसतो. कुत्रा इमानी खरा, पण त्याची जागा अंगणांत, वाड्याच्या दिंडीदरवाज्यापाशीं, फार तर ओसरीच्या पायरीखालीं. मांजर बेइमान खरें, पण तें माजघरांत, चुलीच्या उबेला आणि धान्याच्या कणगीपाशीं. विश्वास कुत्र्यावर व प्रवेश मांजराला, अशी ही वाटणी आहे. आमच्या म्हणीही हीच साक्ष देतात. 'शिंक्याचें तुटलें, बोक्याचें फावलें' ही म्हण ज्या घरांत जन्मली त्या घरांत आढ्याला शिंकें होतें, शिंक्यावर दुधादह्याचीं भांडीं होतीं व खालीं मांजर होतें. मांजर घरांतून हांकून देणें शक्य असतें तर शिंकें टांगण्याची यातायात कोणी केली नसती. मांजर ठेवावयाचें आणि दूधही राखावयाचें, या दोन्ही गरजांची तडजोड म्हणजे शिंकें.

४. मांजर ठेवण्याची गरज काय होती, हें कौटिल्यानें स्पष्ट करून ठेविलें आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत राष्ट्रावर येणाऱ्या आपत्ती सांगतांना अग्नि, पूर, रोग व दुष्काळ यांच्या पंक्तीस त्यानें उंदीर बसविले आहेत. उंदरांचें भय उत्पन्न झाल्यास मांजरें व मुंगसें सोडावीं, आणि त्यांस जो धरील वा मारील त्यास बारा पण दंड करावा, असें तो सांगतो. त्याच ठिकाणीं पुढें, जो आपलीं कुत्रीं आवरून ठेवीत नाहीं त्यासही तोच दंड लावितो. अरण्यांत राहणाऱ्यांस मात्र त्यांतून सूट देतो. राज्यकर्त्याच्या दृष्टीनें मांजर हें राखावयाचें धन व कुत्रा ही आवरावयाची शक्ति होती, हें या एका स्थळावरून कळून येतें. धान्याचें कोठार हें राज्याचें बळ, आणि कोठाराचा बिनपगारी पहारेकरी मांजर, असा त्याचा हिशोब आहे. आमच्या खेड्यांतून मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें ही जी समजूत आहे, तिचा व या बारा पणांच्या दंडाचा प्रत्यक्ष संबंध जोडण्यास पुरावा नाहीं. पण दोहोंच्या मुळाशीं धान्य राखणाऱ्या घराची तीच काळजी असावी, असें आम्हांस वाटतें.

५. देवतांच्या बाबतींतही हीच वाटणी आढळते. बाळंतिणीच्या खोलींत जिची पूजा होते त्या षष्ठीचें वाहन मांजर. म्हणजे तें थेट घराच्या गाभ्यांतलें. भैरव, दत्तात्रेय व खंडोबा यांच्यासमवेत कुत्रा. म्हणजे तो शिवेवरचा, वाटेवरचा, डोंगरावरचा. खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात, कुत्र्यासारखें भुंकतात व कोटंब्यांत पडेल तें प्रसाद म्हणून खातात. धन्याच्या दारीं पडून राहणारा निःसीम सेवक ही कुत्र्याची कल्पना मराठी भक्तींत किती खोल गेली होती हें यावरून दिसतें. 'वाघ्या' हें नांव पुढें पुनः येणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

६. आतां दगडाकडे येऊं. साताऱ्यानजीक कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें शाहूमहाराजांचा आवडता कुत्रा खंड्या याची समाधि दाखवितात. ग्रँट डफ हा इ. स. १८१८ पासून साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. इ. स. १८२६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत त्यानें या कुत्र्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचा जीव वांचविला. म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद दिली व पालखीचा मान दिला. एकदां भर दरबारांत दोन सरदारांची भेट घेतांना महाराजांनीं त्यास जरीवस्त्र व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, आणि पुढें स्वतः मस्तकीं कांहीं धारण केलें नाहीं. डफ या सर्व प्रकाराची गणना महाराजांच्या बुद्धिभ्रंशाच्या काळांत करितो.

७. डफची ही उपपत्ति जशीच्या तशी स्वीकारण्याचें कारण नाहीं. शाहूमहाराज ता. १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. डफ त्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं साताऱ्यास आला. तेव्हां त्यानें ऐकिलें तें आठवणींतून आलेलें होतें. मराठी परंपरेंत हीच गोष्ट वेगळ्या रंगानें सांगतात: दागदागिन्यांचा डौल मिरवीत येणाऱ्या सरदारास, असले अलंकार आमच्या येथें कुत्राही घालितो, हें न बोलतां सांगण्याची ती युक्ति होती. एकास जें वेड वाटलें तेंच दुसऱ्यास शहाणपण वाटलें. अर्थ कोणताही घ्या. खंड्या नांवाचा कुत्रा होता, त्यावर धन्याचा अपार लोभ होता, व ही गोष्ट साताऱ्याच्या लोकांच्या स्मरणांत शंभर वर्षांच्या आंत लिहून ठेविली गेली, एवढें निश्चित धरण्यास हरकत नाहीं. लेख, स्थळ व स्थानिक स्मृति हीं तिन्हीं येथें एकमेकांस दुजोरा देतात.

८. रायगडावरील वाघ्याची गोष्ट याहून निराळी आहे. शिवाजीमहाराज शके १६०२ चैत्र शुद्ध १५, म्हणजे ता. ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडीं वारले. त्यांच्या चितेंत त्यांच्या कुत्र्यानें उडी घेतली, अशी कथा सर्वतोमुखी आहे. या प्रसंगाचा आमचा सर्वांत जवळचा मराठी साक्षी म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद. त्यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें, महाराजांच्या मृत्यूपासून वीस वर्षांच्या आंत, आपली बखर लिहिली. त्यांत महाराजांच्या अंतकाळाचें वर्णन आहे. पण कुत्र्याचा उल्लेख नाहीं.

९. अनुल्लेखावरून अभाव सिद्ध होत नाहीं, हा नियम आम्हांस मान्य आहे. बखरकार धन्याच्या कुत्र्याची नोंद ठेवावयास बसलेले नसतात. अठरा कारखान्यांत शिकारखाना होता. तेव्हां महाराजांच्या पदरीं कुत्रे असणें सर्वथा संभवनीय आहे. परंतु येथें एक गोष्ट विचारांत घेतली पाहिजे. सभासद हा चमत्कारांविषयीं मौन धरणारा लेखक नव्हे. महाराजांच्या मृत्युदिनीं भूकंप झाला, धूमकेतु दिसला, उल्कापात झाला, रात्रीं जोड इंद्रधनुष्यें निघालीं, शंभुमहादेवाच्या तळ्याचें पाणी तांबडें झालें, हें सर्व तो आवर्जून नमूद करितो. दूरच्या तळ्याचें पाणी ज्यास दिसलें त्यास भर चितेंत उडी घेणारा कुत्रा दिसूं नये, हें संभवत नाहीं. येथें मौन हें नुसतें मौन राहत नाहीं. तें पुराव्याच्या जवळ जातें.

१०. आज रायगडावर दिसणारा पुतळा विसाव्या शतकांतला आहे. महाराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार इ. स. १९२६ च्या सुमारास झाला, व त्यानंतर दहा वर्षांनीं, इंदूरच्या होळकरांच्या देणगीच्या साह्यानें, समाधीजवळ उंच चौथऱ्यावर कुत्र्याचें हें स्मारक उभें राहिलें. राम गणेश गडकरी इ. स. १९१९ मध्यें वारले. त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाच्या द्वारें या इमानाची कीर्ति त्यापूर्वींच मराठी वाचकांत पसरली होती. म्हणजे कथा आधीं व पुतळा मागाहून. तेव्हां पुतळा हा कथेचा पुरावा होऊं शकत नाहीं; तो कथेचें फळ आहे. त्या कुत्र्याचें नांव तेवढें वाघ्या असावें, हेंही आम्हांस सूचक वाटतें. खेड्यापाड्यांतून कुत्र्याचें हें साधें नांव आहे हें खरें. तथापि खंडोबाच्या दारींच्या वाघ्यांची निष्ठा ज्या समाजाच्या रक्तांत मुरली होती, त्यानें आपल्या राजाच्या पायाशीं असाच एक वाघ्या कल्पिला असल्यास नवल नाहीं. साताऱ्याच्या खऱ्या कुत्र्याची आठवणही त्यांत मिसळली असेल. हा आमचा तर्क आहे; त्यास तर्कापलीकडे कोणी मान देऊं नये.

११. इ. स. २०११ मध्यें कांहीं मंडळींनीं हा पुतळा उखडून काढिला व तो लवकरच पुनः बसविण्यांत आला. इ. स. २०२५ मध्यें तो हलविण्याची मागणी पुनः झाली, व तो हलविल्यास आमच्या भावना दुखावतील असें सांगणारेही पुढें आले. पुतळा राहावा कीं न राहावा हें ठरविणें संशोधकाचें काम नव्हे. त्याचें काम इतकेंच कीं, १६८० सालच्या घटनेस विसाव्या शतकांतील दगड साक्षी म्हणून उभा करूं नये, आणि विसाव्या शतकांतील श्रद्धेसही लबाडी म्हणून हिणवूं नये. ती श्रद्धा हा त्या शतकाचा खरा इतिहास आहे. कागद जें बोलतो तें वेळींच व स्पष्ट सांगितलें असतें, तर पहारीस हात घालण्याची पाळी कदाचित् आली नसती. या कामीं आम्हां संशोधकांची कुचराई झाली हें कबूल केलें पाहिजे.

१२. मांजराकडे परत येऊं. कुत्र्याविषयींचें प्रेम सार्वजनिक होतें, म्हणून त्याचा दंगाही सार्वजनिक झाला. जून १८३२ मध्यें मुंबईंत सरकारनें बेवारशी कुत्रे मारण्याची मोहीम चालविली असतां, कुत्र्यास पवित्र मानणारे पारशी लोक खवळून उठले, किल्ल्यांतील दुकानें बंद पडलीं व शहराचा व्यवहार थांबला. पुढें दोन वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईस पांजरपोळ निघाली. मांजराकरितां असा बंद कोणी पाळला नाहीं. पण इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग शिरला, व उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा हें त्याचें वाहन आहे हें पुढील दहा वर्षांत सिद्ध झालें, तेव्हां कौटिल्याचें जुनें सूत्र पुनः जिवंत झालें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत नोकरीस असलेला अँड्र्यू ब्युकॅनन नांवाचा लष्करी डॉक्टर गांवोगांव मांजरें मोजीत फिरला. जेथें मांजरें पुष्कळ तेथें प्लेग थोडा, असें त्यानें इ. स. १९०८ मध्यें प्रसिद्ध केलें. मांजरासही प्लेग होतो व त्यापासून तो माणसास जडूं शकतो, हें आज ठाऊक असल्यामुळें त्याचा उपाय पुरता निर्धोक म्हणतां येत नाहीं. तथापि सरकारी डॉक्टरास मांजरांची शिरगणती करावीशी वाटली, हा मांजराचा इतिहासांतला मोठाच प्रवेश होय.

१३. सारांश, खंड्यास समाधि मिळाली, वाघ्यास पुतळा मिळाला, मांजरास शिंकें मिळालें. यावरून महाराष्ट्रानें कुत्र्यावर अधिक प्रेम केलें असें कोणी अनुमान काढूं नये. कुत्रा शिकारींत, दरबारांत व गडावर धन्याबरोबर असे. आणि लेखणी व टांकी हीं दोन्हीं तेथेंच होतीं. मांजर स्वयंपाकघरांत होतें. तेथें ज्यांचें राज्य होतें त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. त्या बायांनीं आपल्या मांजरांस काय नांवें ठेविलीं, कोणत्या रात्रीं कोणतें मांजर मेल्यावर घरांतील मूल जेवलें नाहीं, हें दप्तरांत शोधून सांपडणार नाहीं. तें ओव्यांत, म्हणींत, उखाण्यांत व आजीबाईंच्या तोंडच्या गोष्टींत शोधावें लागेल, आणि तीं साधनें दप्तरांपेक्षां लवकर नष्ट होतात. दगडाची समाधि आणखी शंभर वर्षें टिकेल. शिंकें मात्र आमच्या डोळ्यांदेखत घरांतून गेलें. त्याखालीं कोण बसत असे हें सांगणारीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून तें लिहून घ्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.