केसगळती
केसगळती : डोक्यावरील केस नेहमीपेक्षा अधिक गळणे, विरळ होत जाणे किंवा एखाद्या भागातून समूळ नाहीसे होणे. हा स्वतंत्र रोग नसून परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक विकारांचे लक्षण आहे; म्हणून केस किती गळतात यापेक्षा ते कोठून, किती वेगाने आणि कशानंतर गळू लागले, हे निदानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते.

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. केशमूळ ज्या पिशवीत रुजलेले असते तिला केशपुटक म्हणतात. प्रत्येक पुटक २ ते ६ वर्षे केस वाढवते, मग २-३ आठवड्यांत आक्रसते व सुमारे ३ महिने विश्रांती घेते. त्यानंतर जुना केस गळून नवा उगवतो. या चक्रामुळे रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे.

सर्वांत अधिक आढळणारे कारण आनुवंशिक आहे. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून (अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यापासून) बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला काही पुटके संवेदनशील असतात व ती पिढीजात गुणाने हळूहळू लहान होत जातात. पुरुषांत कपाळाच्या कडा व टाळू उघडी पडते, तर स्त्रियांत भांग रुंदावतो. दुसरे कारण म्हणजे टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांच्या ताणाने असंख्य पुटके एकाच वेळी विश्रांतीत जाणे. केस मात्र २-३ महिन्यांनी गळतात, त्यामुळे मूळ आजाराचा विसर पडून दोष तेलाला किंवा साबणाला दिला जातो. बाळ हसू लागले की आईचे केस गळतात, या घरगुती समजुतीतील कार्यकारणभाव चुकीचा असला, तरी कालगणना अचूक आहे. रक्तातील लोहाची कमतरता, अवटू ग्रंथीचे विकार, केस ओढून घट्ट बांधण्याची सवय, बुरशीमुळे होणारा डोक्याचा नायटा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच पुटकांवर हल्ला केल्याने वाटोळे चट्टे पडणारी चाई, ही इतर कारणे होत.

यांपेक्षा वेगळा प्रकार विषबाधेचा. यात पुटक विश्रांतीत जाण्याची वाट न पाहता वाढता केसच कमकुवत होऊन तुटतो, त्यामुळे गळती काही दिवसांतच दिसते. कर्करोगावरील रसायनोपचारात हेच घडते. डिसेंबर २०२४ च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत स्त्री, पुरुष, मुले अशा सर्वांना डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. बाधितांची संख्या १८ गावांत २७९ असल्याचे सांगितले गेले. वृत्तपत्रांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले; पहिला संशय बुरशीवर व खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त पाण्यावर घेतला गेला. परंतु तेथील पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारे आहे आणि केस मात्र त्याच हिवाळ्यात गळले, ही विसंगती आरंभीच खटकावयास हवी होती.

रायगड जिल्ह्यातील महाड येथे विंचूदंशावर दीर्घ संशोधन केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या आहाराकडे लक्ष वेधले. त्यांच्या तपासणीत रुग्णांचे रक्त, लघवी व केस यांत सेलेनियम हे मूलद्रव्य फार अधिक व जस्त कमी आढळले, आणि रेशन दुकानातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण किलोला सुमारे १४ मिलिग्रॅम निघाले. गहू धुतल्यावरही ते फारसे उतरले नाही, म्हणजे ते दाण्यावरील धुळीत नसून दाण्यातच होते. प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते व ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा मानतात. अशा पाव किलो गव्हाच्या पोळ्यांतून मात्र साडेतीन हजार मायक्रोग्रॅम पोटात जातात. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे त्यांनी म्हटले. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांतील काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचे मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

सेलेनियम रासायनिक गुणांनी गंधकाच्या जवळचे असल्याने केसांतील केराटिन या प्रथिनात गंधकाची जागा घेते व त्याला बळकटी देणारे गंधकबंध ढिले पडतात. पुटक सहसा जिवंत राहते, म्हणून दूषित धान्य थांबले की केस पुन्हा येतात. शेगावातील अनेकांना ते आलेही. नखेही केराटिनचीच असतात, पण बोटांची नखे महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर इतक्याच गतीने वाढतात. त्यामुळे त्याच गावांतील काही रुग्णांची नखे विद्रूप होऊन गळू लागल्याचे एप्रिल २०२५ मध्ये आढळून आले.